भट्टीला सुट्टी न्हाई

आमच्या घरी पितळेच्या फुलपात्रांचा जोड होता, लग्नात आलेला. आता त्यातलं एकच फुलपात्र उरलंय. दुसरं कुठे गेलं असं कुणी विचारलं की आमची मंडळी माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "ह्यांनाच विचारा, ह्यांचे उद्योग आहेत ते." मी हसून विषय टाळतो. एका फुलपात्रासाठी कुणी एवढं ऐकून घेत नाही. कारण ते कुठे गेलं हे सांगायचं तर दावीदमामा सांगावे लागतात, आणि दावीदमामा सांगायचे तर त्यांची भट्टी सांगावी लागते. त्या दोघांना वेगवेगळं कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

जालन्यात मस्तगडावरून स्टेशनाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ही पावाची भट्टी होती. जुन्या काळी गावात पलटण होती, तिच्या पावासाठी बांधलेली. पलटण केव्हाच उठून गेली, तिच्या मैदानात गुरं चरू लागली, भट्टी तेवढी मागे राहिली. बाहेरून पाहिलं तर मातीचा बुटका ढिगारा, आत विटांचा घुमट, आणि तोंड एवढंसं. त्या तोंडासमोर एक खड्डा होता. त्यात उभं राहून लांब दांड्याच्या फळीने पाव आत सारायचे आणि बाहेर ओढायचे. मामा सदानकदा त्या खड्ड्यात. त्यामुळे ते कमरेपासून वरचेच दिसत. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांचे पाय पाहिलेले नसावेत. उंच, वाळका माणूस, हातावर भाजल्याचे जुने डाग, भुवया धगीने कायमच्या अर्ध्या झालेल्या. चेहऱ्यावर सतत थोडं आश्चर्य असल्यासारखं दिसे ते त्या अर्ध्या भुवयांमुळे. प्रत्यक्षात त्यांना कशाचं आश्चर्य वाटत नसे.

लहानपणी दुष्काळात ते मिशनच्या आसऱ्याला आले. मिशनच्या बंगल्यावर मडमेच्या स्वयंपाकघरात त्यांचा हात चहाला आणि केकला बसला. मग पलटणीच्या काळातला म्हातारा पाववाला रमजानखाँ यांच्या हाताखाली भट्टी शिकले. रमजानखाँ थकले तेव्हा त्यांनी भट्टी मामांच्या स्वाधीन केली आणि एकच गोष्ट बजावली. "बेटा, इसको ठंडी मत होने देना. छत में दराड़ है. गरम है तब तक पकड़ के बैठी है. ठंडी हुई तो बैठ जाएगी." घुमटाला आतून चीर गेलेली होती हे खरं. मामांनी मला एकदा कंदील आत सारून ती दाखवलीही होती. बांधणारा गवंडी मेलेला, तसा घुमट बांधणारा पंचक्रोशीत दुसरा नाही. त्या दिवसापासून मामांनी भट्टी गार पडू दिली नाही. रविवारी चर्चला जाऊन येत तेही उस्मानला खड्ड्यात उभं करून, आणि शेवटची प्रार्थना बहुधा रस्त्यात म्हणत. कुठे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "भट्टीला सुट्टी न्हाई."

उस्मान म्हणजे त्यांचा जोडीदार, पीठ मळणारा. वयाने बरोबरीचा, आडव्या अंगाचा, बोलायला कमी. दोघांचं एकमेकांशी भांडण चाले ते फक्त मिठावरून. हिंदू लोक मामांना दावीद म्हणत, मुसलमान दाऊदमियाँ म्हणत, आणि मी मामा म्हणे. मी धावड्याचा, शेतकऱ्याचा पोरगा. शिकून जालन्याच्या मिडल स्कूलमध्ये मास्तर झालो होतो. निजाम सरकारच्या फर्मानाप्रमाणे पोरांना भूगोल उर्दूतून शिकवायचा आणि रागवायचं मराठीतून, असा माझा कारभार. आमच्या गावच्या गाड्या बाभळीची लाकडं घेऊन भट्टीवर यायच्या. त्यांतल्याच एका गाडीवानाने मला तिथं नेलं.

पहिल्या दिवशी मामांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, "शाळेतून आले का घरून?"

"शाळेतून."

"मंग आल्याचा. घरून आले असते तं गवती चहा दिला असता."

मामांच्या भट्टीवर चहा विकत मिळत नसे. तो फक्त बसणाऱ्याला मिळे, आणि कोणता मिळेल हे बसणाऱ्याच्या हातात नसे. फळीवर पत्र्याचे डबे मांडलेले. एकात दार्जिलिंगची हलकी पानं, तिला दूध दाखवायचं नाही, तिच्याबरोबर साधा केक, तोही पातळ कापलेला. एकात निलगिरीची पत्ती, ती दुधातली, बरोबर खारी. जेवून आलेल्याला लिंबू पिळलेला सुलेमानी, बरोबर काहीच नाही, कारण "पोटाला बी सुट्टी पाह्यजे". थंडीत कधीतरी मिठाचा गुलाबी काश्मिरी चहा, शाली विकणाऱ्या एका काश्मिऱ्याने शिकवलेला. तो आटवण्यात सकाळ जाई. आणि नानकटाईबरोबर गवती चहा, असं का, तर नानकटाईत तूप असतं आणि तुपाला जिभेवरून हलवायला काहीतरी हिरवं लागतं. चुकीची जोडी कुणी मागितली तर मामा वाद घालत नसत. ते ऐकूच न आल्यासारखं करत.

जोडी जुळवण्याचा हा नाद एवढा की त्यात त्यांना उच्चनीचही नव्हतं. एकदा चहाच्या कंपनीची माणसं बाजारात आली. ढोल वाजवून शेतकऱ्यांना फुकट चहा पाजत होती. तो चहा म्हणजे नुसती भुकटी. मला वाटलं, मामा आता तोंड वाकडं करणार. त्यांनी घोट घेतला, बराच वेळ जिभेवर ठेवला, आणि भट्टीच्या मागच्या कोपऱ्यात वाळत पडलेला एक टोस्ट काढून त्यात बुडवला. "हे बघा मास्तर, ह्याला जोडीदार हाच. ह्या चहाला एकट्यानं चालता येत न्हाई." तेव्हापासून बाजारच्या दिवशी आष्टीकडचे, भोकरदनकडचे शेतकरी भट्टीसमोर उकिडवे बसून टोस्ट बुडवू लागले. मामा खड्ड्यातून त्यांच्याकडे पाहत. त्यांच्या गावांची नावं विचारत, रस्ता कसा आहे, नदी आडवी येते का, असलं काहीतरी विचारत. स्वतः कुठेच न जाणाऱ्या माणसाला सगळ्या वाटा तोंडपाठ होत्या.

तिथली आणखी एक रीत सांगायला हवी. भट्टीच्या भिंतीला खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्यावर एकेकाचं भांडं. कुणाचा जर्मनचा मग, कुणाचा कान तुटलेला चिनीमातीचा कप. कारण सरळ होतं. मामा ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती होण्याआधी त्यांचं घर गावकुसाबाहेरचं, हे सगळ्यांना ठाऊक. चहा त्यांच्या हातचा हवा, भांडं मात्र आपलं. मामा किटली उंच धरून ओतत, भांड्याला हात लागू देत नसत. ज्याने त्याने आपलं विसळून आपल्या खिळ्यावर अडकवायचं. माझं फुलपात्र दाराजवळच्या खिळ्यावर असे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, निदान तसं कुणी बोलत नव्हतं. दिवाळीआधी गावातल्या बायका रवा, तूप, साखर घेऊन येत आणि नानकटाई भाजून नेत. त्यांच्या परातीला अंड्याचा हात लागू नये म्हणून मामा राखेने हात घासून घेत. ईदच्या आधी मुसलमान घरांच्या पराती, नाताळात मिशनच्या. कुणाची नानकटाई कुणाच्या घरी जाऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी चारोळी टोचे, कुणी अंगठा दाबे. मामांना त्या सगळ्या खुणा माहीत होत्या.

आता परतूरची गोष्ट.

मामांची बायको मुलगी लहान असतानाच तापात गेली. मुलीचं नाव रूथ. ती भट्टीच्या उबेत पिठाच्या पोत्यांवर झोपून वाढली, मिशनच्या शाळेत शिकली, आणि सिकंदराबादेला एका दवाखान्यात नर्स झाली. तिथंच रेल्वेतल्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलं. लग्नाला बाप हवाच. गावाने मामांच्या मागे लकडा लावला. उस्मान म्हणाला, "मैं हूँ ना. तीन दिन में क्या होता?" शेवटी मामा तयार झाले. नवं धोतर, मिशनमधला कोट, केकचा मोठा डबा. भट्टीबद्दलच्या सूचना उस्मानला इतक्यांदा सांगितल्या की तो उठून बाहेर जाऊन बसला. सकाळच्या गाडीला आम्ही त्यांना बसवून आलो.

संध्याकाळी मी भट्टीवर गेलो तर मामा खड्ड्यात उभे. अंगात तोच कोट.

झालं असं की गाडी वाटेतल्या परतूर स्टेशनावर पाणी भरायला थांबली. मामा म्हणाले, मला जळका वास आला. परतूरला, जालन्याच्या भट्टीतल्या पावाचा. ते केकचा डबा शेजारच्या उतारूच्या मांडीवर ठेवून "सिकंदराबादेला रूथला द्या" एवढं म्हणाले आणि उतरले. मालगाडीच्या गार्डाच्या पाया पडून उलटे आले. केक लग्नाला पोचला. बाप पोचला नाही.

मी उस्मानला बाजूला घेऊन विचारलं, "काही जळालं होतं का रे?"

"कुछ नईं जला साब. एक पाव बी नईं," तो म्हणाला. "इसी का तो गुस्सा है उनको."

ते खरं होतं. मामा चार दिवस उस्मानशी बोलले नाहीत. पाव करपले असते तर त्यांनी त्याला केव्हाच माफ केलं असतं.

गावाला मात्र आयती म्हण मिळाली. कुणी काम अर्ध्यावर टाकलं की लोक म्हणत, "ह्यानं परतूरचं तिकीट काढलं." माझ्या शाळेतली पोरंसुद्धा नापास झालेल्याला परतूर म्हणत. मामांच्या कानावर हे जाई. ते हसत नसत आणि चिडतही नसत, नुसते पाव ओढत राहत.

रूथ त्यानंतर एकदाच आली, दिवस गेलेले असताना. बापासारखीच उंच, आणि बोलायला सरळ. मामांनी तिच्यासाठी सकाळपासून काश्मिरी चहा आटवत ठेवला होता. लहानपणी तिला त्याचा रंग आवडे. केक केला, खारी केली. ती बाहेरच्या बाकावर बसली होती, मामा खड्ड्यात, आणि मी मधल्यामध्ये माझं फुलपात्र घेऊन अवघडलेला.

"बाबा, बाळंतपणाला तुम्ही या," ती म्हणाली. "माझ्याकडं दुसरं कोन आहे?"

"येतो की. पाऊस सरू दे."

"पाऊस सरल्यावर थंडी. मंग नाताळाच्या ऑर्डरी. मंग ईद." ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात म्हणून विचारते. भट्टी खरंच पडंल का हो?"

मी म्हणालो, चीर मी स्वतः पाहिली आहे.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्या लग्नात माझा बाप परतूरपर्यंत आल्ता. मी ते विसरले बाबा, खरंच विसरले. पर आता मी येणार न्हाई. तुमचा नातू होईल का नात होईल, ते तुम्हाला बघायचं असंल तं तुम्ही यायचं. माझी शपथ आहे." आणि चहा पूर्ण पिऊन, कप विसळून ती निघाली. मामा तिला सोडायला रस्त्यापर्यंत गेले. परत येऊन त्यांनी पहिलं काय केलं असेल तर आत हात घालून धग पाहिली. मला त्या दिवशी त्यांचा फार राग आला होता.

नातू झाला. मामा गेले नाहीत. रूथ आली नाही. पण एक डबा मात्र जाऊ-येऊ लागला. पत्र्याचा, चौकोनी, झाकणावर निळी फुलं. मामा त्यात बिस्किटं भरून ओळखीच्या गार्डाच्या हाती देत. काही दिवसांनी तोच डबा चहाने भरून परत येई. सिकंदराबादेच्या बाजारात मिळणारा चांगला चहा, कधी दार्जिलिंग, कधी निलगिरी. आमची एवढी चैन चालत होती ती या बाप-लेकीच्या भांडणावर. आत चिठ्ठी कधी नसे. पण मामा डबा उघडून आधी वास घेत आणि वासावरून तिकडची हालहवाल सांगत. "ह्या बारीची पत्ती जल्दीजल्दीत घेतलेली दिसते. पोरगं आजारी असंल." नातवाला दात आले असतील असं वाटलं तेव्हा त्यांनी कडक बिस्किटं पाठवली, तो शाळेत जात असेल तेव्हा अक्षरांच्या आकाराची. त्या डब्याने परतूर कितीदा ओलांडलं असेल. मामा आपले खड्ड्यात.

मी त्यांना एकदा चिडून म्हणालो, "मामा, तुम्ही भट्टी राखून राह्यले, का भट्टी तुम्हाला?"

ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही रोज उर्दूतून शिकवून राह्यले. तुम्हाला आवडतं म्हणून का?"

त्या काळात आम्ही सगळेच कशाच्या ना कशाच्या तोंडाशी खड्ड्यात उभे होतो. सभा करायची नाही, अमुक गाणं म्हणायचं नाही, वर्तमानपत्र उशीखाली ठेवायचं. मामांचा खड्डा निदान दिसत तरी होता.

मग ते शेवटचं वर्ष आलं. तिकडे देश स्वतंत्र झाला होता, आणि निजामाच्या राज्यात आम्ही कोंडल्यासारखे. बाहेरून माल येणं बंद झालं. चहा, साखर, मैदा, रॉकेल सगळ्याचीच चणचण. रस्त्यावर पहारे, गावात रझाकारांचे कवायतीचे आवाज. कोण कुणाला भिऊन होतं हे सांगणं अवघड, कारण सगळेच भिऊन होते. संध्याकाळी भट्टीवर बसणारे एकेक करून येईनासे झाले. भांडी खिळ्यांवर तशीच लटकत राहिली. उस्मानला त्याच्या भावाने परभणीला नेलं. तो जायला तयार नव्हता, मामांनीच त्याला घालवलं. रेल्वेच्या गाड्या आधी अनियमित झाल्या, मग बंद पडल्या. निळ्या फुलांचा डबा त्याआधी बिस्किटं घेऊन गेला होता, तो आलाच नाही.

मामांनी ज्वारीच्या पिठाचे, कशाकशाचे पाव करून पाहिले. मग तेही संपलं. मग नुसतीच भट्टी पेटती ठेवली, आत काहीही न भाजता. धावड्याच्या बैलगाड्या यायच्या थांबल्या तेव्हा बाक जाळला, पराती ठेवायच्या फळ्या जाळल्या. मी म्हणालो, मामा, कशासाठी? ते म्हणाले, "बैठ जाएगी." रमजानखाँच्या आवाजात म्हणाले. मला भीती वाटली.

पावसाळ्याच्या ऐन मध्यावर जाळायला काही उरलं नाही, आणि भट्टी विझली. मी रोज दुपारी शाळा सुटली की चक्कर टाकत होतो. मामा खड्ड्यात नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना भट्टीसमोर जमिनीवर बसलेलं पाहिलं, अंगावर कांबळं, डोळे घुमटाकडे. विटा गार होताना आतून टक्‌ टक्‌ आवाज यायचा. प्रत्येक आवाजाला ते मान उचलत. मी म्हणालो, घरी चला, जेवा. ते म्हणाले, "पडंल तव्हा कोनी जवळ पाह्यजे." मरणाऱ्याजवळ बसावं तसे ते बसले होते.

काही दिवसांनी मी असाच गेलो तर त्यांचा अर्धा देह भट्टीच्या तोंडातून आत. मी घाबरून हाक मारली. ते सावकाश बाहेर आले, राखेने माखलेले.

"पडली न्हाई मास्तर."

मी वाकून आत पाहिलं.

"बिलकुल गार आहे. हात लावून बघा. चीर व्हती तेवढीच आहे." ते खाली बसले. "इतकी वर्षं. रूथच्या मायला ताप व्हता तव्हा बी मी पाव काढून मंग घरी गेल्तो. वाटलं, भट्टी पडंल." मग त्यांनी आपले डाग पडलेले हात पाहिले आणि ते रडले. मोठ्याने नाही. मी त्यांच्या शेजारी राखेत बसून राहिलो. त्या दिवशी चहा करायला पत्तीही नव्हती. मी दारामागची गवती चहाची पानं तोडली आणि चार काटक्यांवर पाणी उकळलं. त्याला जोडीदार नव्हता. तसाच प्यालो.

आता ते मोकळे होते, आणि गाड्या बंद होत्या. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. ते रोज स्टेशनावर जाऊन बसू लागले. गंजू लागलेल्या रुळांकडे पाहत. गावातले लोक हळूच म्हणत, आता परतूरचंही तिकीट मिळेना. यात चेष्टा राहिली नव्हती.

सप्टेंबरात लष्कर आलं, आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य आटोपलं. कुणाला सुटल्यासारखं वाटलं, कुणाच्या घरात भीती नव्याने शिरली. दिवाळीच्या तोंडावर गाड्या सुरू झाल्या. पहिल्याच गाडीला मामा फलाटावर हजर, आणि मीही. ओळखीचा गार्ड खाली उतरला. हातात डबा नव्हता.

"डब्बा?" मामांनी एवढंच विचारलं.

"डब्बा नहीं दी उसने," गार्ड म्हणाला. "दाऊदमियाँ, तुम्हारी बेटी अच्छी है. गाडियाँ बंद थीं तब से बच्चे को लेके स्टेशन पे आती है. डब्बा गोद में लेके बैठती है. मैं बोला दे दो, पहुँचा देता हूँ. बोली, अब के जिसका है वो आके ले जाए."

मामांनी एकदा रुळांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "मास्तर, उद्याची गाडी सकाळीच असते ना?"

त्याच संध्याकाळी उस्मान परभणीहून परतला. त्याची दाढी पांढरी झाली होती. दोघं भट्टीशी उभे राहिले. उस्मानने हात आत घालून पाहिला आणि चटकन मागे घेतला, भाजल्यासारखा.

"ठंडी हो गई," तो म्हणाला.

"हौ," मामा म्हणाले. "अब तू जला. नानकटाईच्या पराती येतील. पर मी गेल्यावर पेटव. मी असताना नको."

उस्मानने मान हलवली. मिठाबद्दल काहीतरी पुटपुटला. मामांनी ऐकून घेतलं.

मग मामांनी खिळ्यांवरची भांडी उतरवली. एकेक घासली, टोपलीत घातली आणि घरोघरी जाऊन दिली. दारात उभे राहून "हे तुमचं" एवढंच म्हणत. काही खिळ्यांचे मालक गावात राहिलेले नव्हते. ती भांडी त्यांनी पुन्हा अडकवून ठेवली. माझं फुलपात्र त्यांनी शेवटी आणून दिलं. इतक्या वर्षांत त्यांचा हात त्याला प्रथमच लागला असेल, आणि ते इतकं लखलखीत कधी नव्हतं.

माझी बहीण आष्टीला दिली होती. त्या दिवसांत तिची खबर नव्हती, म्हणून मलाही जायचं होतं. आष्टीला जायचं तर परतूरला उतरावं लागतं. आम्ही एकाच डब्यात बसलो. मामांच्या अंगात तोच लग्नाला न पोचलेला कोट होता, आणि पायात बूट. बसल्या बसल्या मी त्या बुटांकडेच पाहत होतो. परतूरच्या अलीकडचं रांजणी स्टेशन गेलं तेव्हा मामांनी खिडकीची सळई धरली ती सोडली नाही.

परतूरला गाडी पाण्यासाठी थांबली. मी पिशवी घेऊन उतरलो आणि खिडकीशी येऊन उभा राहिलो. मामा उठले. अगदी उभे राहिले. नाक वर करून त्यांनी हवेचा वास घेतला. मी म्हणणार होतो, मामा, उस्मान आहे तिकडे. पण ज्याचं त्याने ठरवायचं होतं.

फलाटावर चहावाला ओरडत आला, "हिंदू चाय, हिंदू चाय." मागे दुसरा, "मुस्लिम चाय." मामा खिडकीतून वाकले. "आपला कोन्ता मास्तर? ख्रिस्ती चाय तं दिसत न्हाई." आणि ते हसले.

पुढच्याला मी हाक मारली. त्याने मामांकडे पाहिलं, अर्ध्या भुवया, मिशनचा कोट. "भांडं असंल तं ओततो," तो म्हणाला.

मामांकडे भांडं नव्हतं. सगळ्या गावाची भांडी त्यांनी वाटून टाकली होती, आणि स्वतःचा कप भट्टीवर राहिला होता. मी पिशवीत हात घातला आणि प्रवासासाठी घेतलेलं माझं फुलपात्र काढून पुढे केलं. चहावाल्याने चहा ओतला. मामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी फुलपात्राला ओठ लावले.

"कसा आहे?" मी विचारलं.

"उकळून उकळून मारलाय," ते म्हणाले. दुसरा घोट घेतला. "पर बसून प्यायला भेटून राह्यला ना, म्हनून बराय."

आणि ते खाली बसले. शिट्टी झाली. गाडी हलली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की फुलपात्र हातातच आहे. ते खिडकीतून बाहेर धरून मला देऊ लागले. मी फलाटावरून चार पावलं चाललो, पण हात पुढे केला नाही. म्हणालो, "असू द्या, आधी चहा संपवा."

गाडी वळणापर्यंत दिसत होती. खिडकीबाहेर त्यांचा हात होता, फुलपात्र सांडू नये म्हणून सरळ धरलेला. परतूरचा सिग्नल मागे गेला तरी तो हात तसाच होता.